कारखान्यातला पाहुणा आणि शाळेतला तास

वाचकहो, कर्जतहून खोपोलीला येणारी गाडी आपल्यापैकी पुष्कळांच्या ओळखीची असेल. पळसदरी मागे पडली, लौजी गेले, की उजवी-डावीकडचे डोंगर जवळ येऊ लागतात आणि शेवटी गाडी जिथे थांबते तिथे पुढे रूळच नाहीत, समोर सह्याद्रीची भिंत उभी. त्या भिंतीवरून सरळ खाली उतरलेले जाडजूड नळ दिसतात. गावातल्या लहान पोराला विचारा, तेसुद्धा सांगेल की हे पॉवर हाऊसचे पाइप.

मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. दरवर्षी पहिल्या वर्षाच्या वर्गात, हजेरी झाली की मी एक प्रश्न टाकतो. हे नळ सरळ उभ्या उतारावरून का आणले, घाटातल्या रस्त्यासारखे वळणे घेत का नाही? प्रश्न इतिहासाचा नव्हे हे कबूल. पण ज्या मुलांनी जन्मापासून हे नळ पाहिले, त्यांच्यातले बहुतेक जण माना खाली घालतात. एक जण म्हणाला, “सर, जागा वाचवायला.” दुसरा म्हणाला, “आमच्या पुस्तकात नव्हतं.” हे दुसरे उत्तर मला फार दिवस पुरले. आजचे हे भाषण त्याच उत्तरापासून निघाले आहे म्हणा ना.

कारण असे पाहा, खोपोली-खालापूर-कर्जत हा मुलूख म्हणजे इंजिनियरी विद्येचे उघड्यावर मांडलेले प्रदर्शनच आहे. नाना फडणीसांनी बांधलेला तलाव आणि महादेवाचे देऊळ इथे आहे. १८५६ साली आगगाडी खोपोलीपर्यंत आली आणि इथेच अडली. घाट चढून जाणाऱ्या उतारूंना पालखी, तट्टू नाहीतर आपले पाय यांचा आधार होता. पुढे बोरघाटातला लोहमार्ग १८६३ साली खुला झाला. त्यात सदतीस फुटांस एक फूट इतका चढ आहे. त्या कामाचा ठेका घेणारे सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली इथे येऊन थोड्याच दिवसांत वारले, आणि त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी ते काम पुरे करवून घेतले. ज्या हजारो मजुरांनी तो खडक फोडला आणि ज्यांतले कित्येक पटकीने गेले, त्यांची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत.

मग आले पॉवर हाऊस. घाटमाथ्यावर पाऊस धोधो पडतो, ते पाणी अडवून खाली सोडावे आणि त्यावर वीज करावी, ही कल्पना डेव्हिड गॉसलिंग या गृहस्थांनी धरून ठेवली होती. जमशेटजी टाटांनी ती उचलली. ते १९०४ साली गेले. पुढच्या पिढीने १९१० साली कंपनी काढली, १९११ मध्ये लोणावळ्याला कोनशिला बसली आणि १९१५ च्या फेब्रुवारीत खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांकडे निघाली. लोणावळा, वळवण आणि शिरवटा या तलावांचे पाणी सुमारे १,७२५ फूट खाली येते. एवढ्या उंचीच्या पाण्याचा दाब आपल्या भोवतालच्या हवेच्या दाबाच्या सुमारे पन्नासपट होतो, आणि तोटीतून सुटलेली धार, नळातले घर्षण हिशेबात धरले नाही तर, ताशी साडेतीनशे किलोमीटरहून अधिक वेगाने धावते. त्या धारेपुढे जे चाक असते त्याला पेल्टनचे चाक म्हणतात. त्याच्या कडेला जोडवाट्या बसवलेल्या असतात. धार दोन वाट्यांच्या मधल्या धारदार कण्यावर आपटते, दोहोंकडे फाटते आणि जवळजवळ उलटी फिरून बाहेर पडते. वाटीचा वेग धारेच्या वेगाच्या निम्म्याच्या आसपास असला की पाण्याची बहुतेक सगळी ताकद चाकाला मिळते आणि पाणी थकल्यासारखे खाली गळते. तेच गळलेले पाणी पुढे पाताळगंगेला मिळते.

(अशा धरणांची दुसरी बाजूही विसरून चालणार नाही. याच घराण्याच्या दुसऱ्या कंपनीच्या धरणासाठी मुळशी खोऱ्यातल्या जमिनी जाऊ लागल्या तेव्हा १९२१ साली तिथे सत्याग्रह झाला. तो निराळ्या भाषणाचा विषय आहे.)

आता प्रश्न असा, की एवढे सगळे शाळेच्या खिडकीतून दिसत असताना ते शाळेच्या आत का शिरले नाही?

इंजिनियराने मुलांना शिकवावे ही गोष्ट आपल्याकडे नवीन मुळीच नाही. मराठीतून गणित आणि तांत्रिक विद्या शिकवण्याचा आरंभ ज्यांनी केला त्यांत एक इंजिनियरच होता. इंग्रजांच्या मुंबईच्या इंजिनियर दलातला अधिकारी, जॉर्ज जर्व्हिस. १८२० च्या दशकात मुंबईत देशी मुलांना मोजणी आणि बांधकामाचे काम शिकवण्यासाठी जी संस्था निघाली तिचे काम त्याच्याकडे होते. सरकारला हाताखाली माणसे हवी होती, हा स्वार्थ उघड होता. पण जर्व्हिसचे म्हणणे असे, की मुलांना जे शिकवायचे ते त्यांच्या भाषेत शिकवा. त्याने जगन्नाथशास्त्री क्रमवंतांच्या साहाय्याने हटन यांच्या इंग्रजी गणितावरून मराठीत ‘शिक्षामाला’ तयार केली. पुढे १८४७ च्या सुमारास शिक्षण मंडळात अर्स्किन पेरी हे न्यायाधीश इंग्रजीचा आग्रह धरून बसले तेव्हा देशी भाषांच्या बाजूने भांडला तोही हाच जर्व्हिस. वरच्या शिक्षणात इंग्रजीची सरशी झाली हे आपण जाणतोच. साखळी, तिपाई घेऊन रानात मोजणी शिकवणारा माणूस मागे पडला, आणि विज्ञान म्हणजे पाठ करावयाची व्याख्या असा पायंडा पडत गेला.

त्या पायंड्याचे फळ मी स्वतः चाखले आहे. माझ्या शाळेत, गावाचे नाव सांगत नाही, काचेचे एक कपाट होते. आत चंचुपात्रे, तराजू, एक घंटा. कपाटाला कुलूप. चौथ्या बाकावरून ते सगळे स्पष्ट दिसे. आम्ही चंचुपात्राची आकृती इतकी सुबक काढायचो की विचारू नका, हात मात्र एकदाही लागला नाही. तेव्हा आम्ही गुरुजींना मनातून दोष दिला. मास्तर मंडळींत वावरू लागल्यावर कळले, की फुटलेल्या काचेचा जाब त्यांनाच द्यावा लागे आणि कधी कधी पैसेही. मग कुलूप न लावील तो मास्तर कसला!

हे कुलूप उघडण्याचा मोठा उद्योग १९७२ साली सुरू झाला. मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर आणि किशोर भारती या दोन संस्थांनी सरकारच्या परवानगीने सोळा सरकारी माध्यमिक शाळा घेतल्या. सहावी ते आठवीच्या या मुलांनी विज्ञान आपल्या हाताने करून शिकावे, असे ठरले. किशोर भारतीचे अनिल सद्गोपाल हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून बाहेर पडून तिथे गेलेले. त्या संस्थेतले शास्त्रज्ञ आणि दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक सुट्ट्यांत येऊन गुरुजींबरोबर बसत. परीक्षेत पुस्तक उघडे ठेवण्याची मुभा होती आणि प्रयोगाची परीक्षा निराळी. मुलांना पडलेले प्रश्न ‘सवालीराम’ या नावाने पत्रातून पाठवता येत आणि त्यांना उत्तरे येत. १९७८ मध्ये हा कार्यक्रम जिल्हाभर पसरला, १९८२ पासून एकलव्य संस्थेने तो सांभाळला.

शहाण्या माणसांनी खेड्यात येऊन मुलांना चमत्कार दाखवले असे मात्र तिथे झाले नाही. शास्त्रज्ञ शिकवत ते गुरुजींना, आणि गुरुजीही त्यांना सांगत की हा प्रयोग चाळीस मुलांच्या वर्गात होणार नाही, तो बदला. दर महिन्याला शिक्षकांची बैठक होई. तीस वर्षे हे चालले. २००२ साली राज्य सरकारने तो कार्यक्रम बंद केला. बंद करावयास फार वेळ लागत नाही.

त्या होशंगाबादेत १९७८ साली पुण्याहून एक तरुण इंजिनियर गेला. अरविंद गुप्ता त्यांचे नाव. मूळचे बरेलीचे, कानपूरच्या आय. आय. टी. तून १९७५ साली विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेऊन पुण्याला टेल्कोत, म्हणजे मालमोटारींच्या कारखान्यात, नोकरीला लागलेले. कारखान्यातून रजा काढून ते काही महिने त्या खेड्यांत राहिले. तिथल्या आठवड्याच्या बाजारात जे मिळे त्यातून मुलांना काय करता येईल, हा त्यांचा शोध. सायकलच्या व्हॉल्वला लागते ती बारीक रबरी नळी आणि आगपेटीतल्या काड्या, एवढ्यावर त्यांनी सांधे केले. नळीचे लहान तुकडे घ्यावेत, दोन्ही बाजूंनी काड्या खुपसाव्यात. तीन काड्यांचा त्रिकोण केला तर तो दाबून मोडत नाही, चार काड्यांचा चौकोन बोट लावताच लोळण घेतो. चौकोनात एक काडी तिरपी घाला, झाला ताठ. हे एकदा हाताने झाले की मुलाला सांगावे लागत नाही. खोपोलीहून निघणाऱ्या तारांचे मनोरे पाहा, रेल्वेचा लोखंडी पूल पाहा, सगळीकडे त्रिकोणच त्रिकोण. ते का, हे त्याच्या बोटांना आधीच कळलेले असते.

त्यांची विजेची मोटरही अशीच. गुरुजींनो, ही तुम्ही उद्या करून पाहा. टॉर्चचा एक सेल घ्या. दोन्ही टोकांना एकेक सेफ्टीपिन उभी ठेवून जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी वरून ताणून बसवा. सेलच्या पाठीवर एक लहान लोहचुंबक ठेवा. लाखेसारखा लेप असलेली तांब्याची तार सेलभोवती दहा वेळा गुंडाळून कडे करा आणि तिची दोन टोके समोरासमोर बाहेर काढा. एका टोकाचा लेप सगळा खरवडा, दुसऱ्याचा फक्त अर्ध्या बाजूचा. आता कडे पिनांच्या भोकांत लटकवा, बोटाने किंचित टिचकी द्या. गरगर फिरू लागते. अर्धीच बाजू का खरवडायची, ही यातली खरी गंमत. दोन्ही टोके पूर्ण खरवडली तर अर्धा फेरा झाल्यावर कडे उलट ओढले जाते आणि झोका खात राहते. अर्ध्या फेऱ्यापुरती वीज तुटली की ते आपल्याच वेगाने पुढे जाते. मुलाने आधी चूक करावी, दोन्ही टोके खरवडून बसावे, कडे का फिरत नाही म्हणून चरफडावे, हेच उत्तम.

गुप्तांची काड्यांची पुस्तिका १९८७ साली निघाली आणि अनेक भारतीय भाषांत गेली. पुढे पुण्याच्या आयुकात, डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) ज्या संस्थेचे पहिले संचालक होते तिथे, पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका उभी राहिली. गुप्तांनी तिथे कचऱ्यातून खेळणी करण्याचे काम दहाएक वर्षे केले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

त्यांच्याइतके नाव न गाजलेला, पण माझ्या मते आपल्या भागाला अधिक जवळचा दाखला पाबळचा आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अन्नतंत्रज्ञ, अमेरिकेत डॉक्टरेट केलेले, हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात मोठ्या हुद्द्यावर. ते सोडून त्यांनी १९८३ साली शिरूर तालुक्यातल्या पाबळ या कोरडवाहू गावी विज्ञान आश्रम काढला. तिथे मुले वेल्डिंग करतात, शेताची माती तपासतात, घराची वायरिंग करतात आणि त्यातून विज्ञानाकडे येतात. शाळेतल्या मुलांनी तयार केलेली वस्तू गावाने पैसे देऊन न्यावी, ही त्यांची अट मला फार आवडते. गावकरी फुकट वाखाणणी करील, पैसे देताना मात्र सांधा हलवून बघतो. कलबाग २००३ साली वारले, आश्रमाचे काम पुढे चालू राहिले. मुंबईत १९७४ साली निघालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रानेही आरंभीच्या काळात जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याच्या परिसरात खेड्यांतल्या शाळांबरोबर काम केले, याचीही नोंद इथे करून ठेवतो.

हे झाले ज्यांनी आयुष्य दिले त्यांचे. आपल्याकडे येतात ते बहुधा एका शनिवारचे पाहुणे. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या नफ्याच्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्याला लावणे भाग पाडले आणि २०१४ पासून आपल्या पट्ट्यातल्या शाळांत गाड्या येऊ लागल्या. फलक, टोप्या, खाऊ, छायाचित्रे. मी थट्टा करीत नाही, त्यांतले पुष्कळ जण मनापासून येतात. सुट्टीचा दिवस मोडून येतात. पण मी एका शनिवारी खालापूर तालुक्यातल्या एका शाळेत सहज म्हणून हजर होतो, तिथे जे झाले ते सांगतो.

सातवीचा वर्ग. कारखान्यातला तिशीतला एक इंजिनियर आलेला. गुरुजी पन्नाशीचे, वीस वर्षे विज्ञान शिकवणारे. फळ्यावर त्यांनी आधीच आकृती काढून ठेवली होती, पाण्याने भरलेला डबा, त्याला वर, मध्ये आणि खाली अशी तीन भोके, खालची धार सर्वांत लांब. खोलीबरोबर पाण्याचा दाब वाढतो, हा धडा. इंजिनियराने प्लास्टिकची बाटली आणली, तापलेल्या खिळ्याने तीन भोके पाडली आणि बाटली ओट्यावर ठेवली. एका मुलीला तांब्या देऊन सांगितले, पाणी काठोकाठ राहू दे. धारा सुटल्या. मधली सर्वांत लांब गेली! वरची आणि खालची ओट्यावर जवळजवळ एकाच जागी पडल्या.

वर्ग गप्प. मग मागच्या बाकावरचा ठाकरवाडीचा एक मुलगा म्हणाला, “गुरुजींचं चित्र चुकलं.”

वाचकहो, त्या क्षणी गुरुजींच्या चेहऱ्याकडे मी पाहिले आणि मला आमच्या शाळेतले कुलूप आठवले. चारचौघांत, परक्या माणसासमोर, वीस वर्षांची आकृती पडली होती. इंजिनियराने आता हुशारी दाखवली असती तर पुढे त्या शाळेत कोणी बाटलीला भोक पाडले नसते.

तो काही क्षण बोललाच नाही. मग म्हणाला, “गुरुजी, मलापण हेच वाटलं होतं की खालची लांब जाईल. आपण दोघं बघू या का?” गुरुजी उठले. खाली वाकून त्यांनी खालच्या भोकाजवळ बोट धरले, मग मधल्या, मग वरच्या. म्हणाले, “जोर खालीच जास्त आहे की.” मग त्या मुलालाही बोट धरायला लावले. त्यालाही तेच जाणवले. जोर जास्त आहे, तर धार आखूड का? मुले एकमेकांकडे पाहू लागली. उत्तर पुन्हा त्याच मुलाने दिले, पण इतक्या हळू की दोनदा विचारावे लागले. “तिला पडायला जागाच नाही.” त्यांच्या वाडीवर झऱ्याचे पाणी बांबूच्या पन्हळीने आणतात. पन्हळ जमिनीजवळ असली की धार लगेच खाली टेकते, हे त्याने रोज पाहिलेले.

गुरुजींनी ओट्यावर एक उंच स्टूल चढवले आणि बाटली वर ठेवली. स्टुलाची उंची बाटलीतल्या पाण्यापेक्षा जास्त होती. आता खालची धार सर्वांत लांब गेली आणि पहिल्या बाकावरच्या दोघांना भिजवून गेली. फळ्यावरच्या आकृतीत गुरुजींनी डब्याखाली एक स्टूल काढले. पुसले काहीच नाही.

इंजिनियर मंडळींना माझे सांगणे एवढेच, की प्रयोग आदल्या दिवशी गुरुजींबरोबर करा, आणि सामान असे आणा की तुम्ही गेल्यावर ते गावातल्या सायकलवाल्याकडे मिळेल. इंग्रजी चित्रफीत घरी राहिली तरी चालेल. एकदा येऊन दहा प्रयोग दाखवण्यापेक्षा दहादा येऊन एकेक करा, हे तुमच्या साहेबांच्या अहवालात कमी भरेल, पण त्याला इलाज नाही. आणि शिक्षक बंधुभगिनींनो, पाहुणा वर्ग घेत असताना कृपा करून हजेरीपट भरत बसू नका. तुम्ही जवळ उभे राहिलात तरच सोमवारी ती गोष्ट पुढे चालेल.

त्या गुरुजींची पुढची हकिकत मला त्यांनीच फोनवर सांगितली. केंद्रशाळेत शिक्षण परिषद होती. त्यांनी पिशवीतून बाटली नेली, स्टूल तिथलेच घेतले आणि तीसएक शिक्षकांना आधी कागदावर लिहावयास लावले की कोणती धार लांब जाईल. जवळजवळ सगळ्यांनी खालची लिहिले. मग पाणी सोडले. “मला जरा बरं वाटलं हो,” असे ते हसून म्हणाले.

नंतर त्यांनी मुलांना घेऊन रस्त्याच्या कडेला उभे राहून डोंगरावरचे नळ दाखवले. वळणे घेत नळ आणला तर तो लांबतो, पाणी जास्त घासते आणि धारेचा जोर वाटेतच खर्ची पडतो, हे मुलांनी आपापसांत भांडून काढले म्हणे. दुसरा एक प्रश्न मात्र अडला. दाब जर खाली एवढा वाढत असेल, तर नळाचा पत्रा वर आणि खाली सारख्याच जाडीचा ठेवतात का? गुरुजींनी मला विचारले. मी इतिहासाचा माणूस, मला काय ठाऊक? मी त्यांना त्या इंजिनियराचा नंबर दिला. त्याने उत्तर दिले नाही. पुढच्या शनिवारी येताना पत्र्याचे दोन तुकडे आणतो, म्हणाला, तोवर पोरांना विचार करू द्या.